उलट बाजू

दर नोव्हेंबरात मला मी जिवंत असल्याचं सिद्ध करून द्यावं लागतं. पेन्शन घेणाऱ्या कुणालाच ते चुकत नाही. ‘हयातीचा दाखला’ असं त्याचं भारदस्त नाव आहे. पूर्वी एक छापील कागद असायचा. साहेबासमोर त्यावर सही केली की पुढचं वर्षभर जगायला मोकळं. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ नावाची डिजिटल सोय झाली. आधार क्रमांक सांगायचा, काडेपेटीएवढ्या यंत्राच्या काचेवर बोट टेकवायचं, की यंत्र कुठेतरी लांब विचारून सांगणार, हो, ह्या बाई आहेत.

मी बोट टेकवलं. लाल दिवा.

“आजी, बोट पुसून घ्या,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला. पुसलं. “जरा दाबून.” दाबलं. “एवढं नाही हो, हलक्या हातानं.” हलक्या हातानं टेकवलं. लाल. मग दुसरं बोट, तिसरं बोट. मागे रांगेतल्या एका आजोबांनी अनुभवाचा सल्ला दिला, “केसांवरून फिरवा बोट, तेल लागलं की ठसा उठतो.” तेही करून झालं. नऊ बोटं नापास झाली. शेवटी उरलेल्या डाव्या करंगळीनं हिरवा दिवा लावला आणि मी हयात ठरले. गोवर्धन तोलायला कृष्णाला एक करंगळी पुरली होती, माझी पेन्शन त्या मानानं हलकीच.

घरी येऊन बोटं निरखत बसले. वयानं ठसे पुसट होतात, सगळ्यांचेच होतात. पण मी तो दोष सुयांना देते. पन्नासेक वर्षं विणते आहे. उजव्या करंगळीला लोकरीचा वेढा, तिथून ती तर्जनीवर, आणि टाका सुटून यावा म्हणून डाव्या सुईचं टोक बोटानं मागं ढकलायचं, असं लाखो वेळा केलं की तर्जनीच्या टोकावर मसुराएवढा घट्टा तयार होतो. ह्या सगळ्या कारभारात डावी करंगळी तेवढी बिनकामाची. तिचा ठसा कोरा करकरीत राहिला, यात नवल नाही. आळशी माणसाची कागदपत्रं नेहमी नीट असतात.

२०२१ पासून नुसता चेहरा दाखवूनही हा दाखला मिळतो. म्हणून पुढच्या वर्षी घरीच मोबाइलसमोर बसले, तर त्यानं आज्ञा केली की डोळ्यांची उघडझाप करा. मी केली. पुन्हा करा म्हणाला. समोर नवरा बसला होता. तो म्हणाला, “अगं, त्याच्याकडे बघून मिचकाव, माझ्याकडे बघून काय उपयोग?”

*

मला विणायला शिकवलं आत्यानं. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि तिला एक वाईट खोड होती. कुणाचाही स्वेटर हातात आला की ती आधी तो उलटा करायची. लग्नकार्यात, एसटीत, कुठेही. समोरची बाई कौतुकाच्या अपेक्षेनं उभी आणि आत्या आपली बाहीत हात घालून आतली शिवण चाचपतेय. लोकरीची टोकं टाक्यांत ओवून जिरवली आहेत की नुसती कापून सोडली आहेत? नवा गुंडा ओळीच्या कडेला जोडलाय की मधेच गाठ मारलीय? हे सगळं बघून झाल्यावर ती स्वेटर सुलटा करून परत द्यायची आणि “रंग छान आहे हो” म्हणायची. तिच्या भाषेत ती सर्वांत जहाल टीका होती.

पहिल्या दिवशी तिनं मला वीस टाके घालून दिले आणि सुलट टाका शिकवला. दुसऱ्या दिवशी उलट. मी म्हटलं, हा अवघड आहे. ती म्हणाली, “वेगळा कुठाय? कालचाच टाका आहे, मागून बघतेयस एवढंच.” हे समजायला मला पुढं बरीच वर्षं गेली. विणकामात टाके दोनच, आणि तेही खरं तर एकच. पुढून इंग्रजी व्हीसारखा दिसतो तो सुलट, मागून पुटकुळीसारखा दिसतो तो उलट. जाळी, वेण्या, मधमाशीचं पोळं, हे सगळे नखरे त्या एका टाक्याच्या पुढच्या-मागच्या बाजूंतून होतात. शिवाय अख्ख्या तुकड्यात दोरा एकच. टोक ओढलं तर अर्ध्या तासात स्वेटरची पुन्हा लोकर होते, वाकडीतिकडी, मॅगीसारखी. वाफ दिली की तीही सरळ.

ती खोड मला लागली ती कायमची. आणि त्यातच माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ आहे. मोबाइल हातात घेतला की मी मनातल्या मनात तो उलटा करायला जाते आणि मागं नुसता कॅमेरा असतो.

तुम्ही म्हणाल, बाईंना यंत्रांची सवय नसेल. तर तसं मुळीच नाही. मी १९७६ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक बोर्डावर बसायचे. कानाला हेडसेट, समोर छिद्रांचा फळा, हातात दोऱ्यांसारख्या लोंबत्या कॉर्ड. एक पिन ह्या छिद्रात, दुसरी त्या, की पुण्याचा माणूस नागपूरच्या माणसाशी बोलू लागायचा. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल. लाइटनिंगचे पैसे साध्याच्या आठपट. तो बहुधा कुणी तरी गेल्याचा किंवा कुणाचे तरी पैसे अडकल्याचा असायचा. तीन मिनिटं झाली की मधे तोंड घालून तसं सांगायचं, हे आमचं काम. किती रडणं मी त्या तीन मिनिटांशी तोडलं असेल. बोर्डावर दोन्ही हात गुंतलेले, तिथं विणकाम शक्यच नव्हतं. पण रात्रपाळीत विश्रांतीच्या खोलीत आम्ही सहा-सात जणी गुंडे घेऊन बसायचो. खात्यातल्या निम्म्या बाळांची टोपडी त्या खोलीतून निघाली.

आणि त्या बोर्डाला उलट बाजू होती! एकदा मेकॅनिकनं मागचं दार उघडलं तेव्हा मी डोकावले आणि बघतच राहिले. शेकडो तारा, पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी अशा जोडीजोडीनं पिळलेल्या. त्यांचे मनगटाएवढे जाड जुडगे केलेले आणि ते जुडगे मेण लावलेल्या दोऱ्यानं ठरावीक अंतरावर, एकसारख्या गाठीनं बांधत नेलेले. जिथून तार बाहेर पडायची तिथं गाठ, की पुढं. एकही गाठ सैल नाही, एकही टोक लोंबत नाही. वेणी घालावी तसं काम होतं, आणि तेही कुणाला दिसणार नाही अशा जागी. आत्याला दाखवायला हवं होतं. तिनं “रंग छान आहे” म्हटलं नसतं.

*

टाका गळतो तेव्हा काय होतं ते सांगते. तुम्ही बोलण्याच्या नादात असता, सुई किंचित सुटते आणि एक टाका खाली घरंगळतो. तो तिथं थांबत नाही. खालच्या ओळीतला सुटतो, मग त्याच्या खालचा, आणि बघता बघता विणीत एक शिडी तयार होते. नवशिक्या बाया इथं किंचाळतात. किंचाळायचं नाही. काम मांडीवर सपाट ठेवायचं, क्रोशाची सुई घ्यायची, सगळ्यांत खालचा गळका टाका तिच्यावर धरायचा, वरची आडवी पायरी आकड्यात पकडून त्यातून ओढायची. झाला टाका. मग पुढची पायरी. असं चढत चढत वर यायचं आणि टाका सुईवर नेऊन ठेवायचा. दहा ओळी खाली गेलेला टाका मी दोन मिनिटांत वर आणते, आणि नंतर तो कुठला होता हे मलाही सांगता येत नाही.

आता मोबाइल. मी विजेचं बिल भरत असते. नाव घातलं, क्रमांक घातला, ओटीपी आला, तो वाचेपर्यंत त्याची मुदत संपली, दुसरा मागवला, तो पहिल्याच्या आधी पोचल्यासारखा वाटला, दोन्ही घालून पाहिले. मग पडद्यावर शब्द उमटले: ‘काहीतरी चुकलं आहे. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा.’

काहीतरी! हा शब्द माझ्या डोक्यात जातो. बाबा रे, काय चुकलं? कुणाचं? माझं की तुझं? कितव्या ओळीत? मी एक्स्चेंजमध्ये गिऱ्हाइकाला “काहीतरी चुकलंय, थोड्या वेळानं बघा” असं सांगितलं असतं तर संध्याकाळी साहेबापुढं उभी असते. ‘नागपूरच्या लाइनी भरल्या आहेत’ किंवा ‘तिकडून उत्तर नाही’ असं कारण आम्ही द्यायचो. हा नुसताच खांदे उडवतो. आणि पुन्हा पहिल्यापासून नाव घाला. म्हणजे एक टाका गळला म्हणून अख्खा स्वेटर उसवायचा.

लोकरही मी एकदा ऑनलाइन मागवली. लक्ष्मी रोडवर जायला गुडघे कुरकुरत होते. पडद्यावर झकास मोरपंखी दिसत होती, आली ती कच्च्या कैरीच्या रंगाची. दोन गुंडे एका लॉटचे, चार दुसऱ्या. विणणाऱ्यांना माहीत असतं, रंगाचा लॉट बदलला की गुंडा हातात असेपर्यंत फरक कळत नाही, आणि पाठ विणून झाली की पट्टा स्पष्ट दिसतो. दुकानदार लेबलावरचा नंबर वाचून एकाच लॉटची लोकर काढून देतो. शिवाय दुकानात लोकर गालाला लावून बघता येते. मी हे मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “आई, रिव्ह्यू वाचायचे ना.” आता दुसऱ्याचा गाल मला कसा चालेल?

*

पुतणीला दिवस गेले आणि बाळंतविडा आला. खालच्या मजल्यावर अमरावतीचा एक मुलगा राहतो, हिंजवडीला नोकरीला. त्यानं सुचवलं, “काकू, टोपीचा नमुना एआयला विचारा. चुटकीसरशी देते.” मला टोपडं झोपेत येतं, पण म्हटलं बघू या.

विचारलं. चुटकीसरशीच दिलं. पहिली ओळ वाचली: ‘९६ टाके टाका. नंतर २ विणा, २ मोती.’ मोती? टोपीला मोती लावायचे तेही दर दोन टाक्यांनी? बाळ घशात घालेल ना. दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर उजेड पडला. इंग्रजीत सुलटला निट आणि उलटला पर्ल म्हणतात. ह्या विद्वानानं पर्लचे मोती केले होते.

बरं, मोती बाजूला ठेवले. पुढं लिहिलं होतं, ६ टाके विणून २ एकत्र, ओळभर असंच, आता ८० टाके राहतील. मी मोजले, ८४. पुन्हा मोजले, ८४च. गणित सोपं आहे. ९६ टाक्यांत आठाचे बारा गट, प्रत्येक गटात एक कमी, म्हणजे बारा कमी. पुढच्या वेळी ५ टाके आणि २ एकत्र, पुन्हा बारा कमी, ७२. त्याच्या मते ६०. तसेच खाली खाली जात शेवटी म्हणे, ८ टाके उरले की दोरा ओवून आवळून टाका. मी बारा-बारानं उतरत २४ वर आले, मग १२ वर. बारा-बारानं उतरणाऱ्या जिन्याला आठवी पायरी येणार कुठून?

तसं मी त्याला लिहिलं. तर म्हणतं कसं, ‘तुमचं अगदी बरोबर आहे! लक्षात आणून दिल्याबद्दल धन्यवाद.’ आणि दुसरा नमुना दिला. त्यात शेवटी ७ उरत होते. चूक दाखवल्यावर इतकं गोड बोलणारं कुणी आमच्या घराण्यात नाही, त्यामुळं मी थोडी विरघळले, हे कबूल करते. पण टोपी त्याला येत नव्हती. टोपीबद्दल कसं बोलतात, तेवढं येत होतं.

गंमत म्हणजे हा उद्योग आधी कुणीतरी मुद्दाम करून पाहिला आहे. २०१८ साली जॅनेल शेन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी विणकामाचे ढिगानं नमुने एका न्यूरल नेटवर्कला, म्हणजे एआयच्याच एका प्रकाराला, खाऊ घातले आणि त्याला नवे नमुने लिहायला लावलं. त्याचं नाव स्कायनिट. त्यानं लिहिलेलं भयंकर होतं, टाके जुळत नव्हते, वस्तू नको तिथं फुगत होत्या. पण तिथल्या विणकरणींनी काय करावं? त्यांनी ते भयंकर प्रकार, जमेल तिथं दुरुस्त करून, खरोखर विणले! हे वाचून मला सात समुद्रांपलीकडच्या त्या बायांबद्दल फार आपुलकी वाटली. चुकीचा नमुना मिळाला म्हणून लोकर खाली ठेवणाऱ्यातल्या आम्ही नव्हे.

*

मुलगा बंगळूरला असतो. टोपीची हकीकत ऐकून तो म्हणाला, “आई, तू अगदी लुडाइट आहेस.” शिवी असावी असा सूर होता, म्हणून शोधलं. आणि काय सांगू, लुडाइट म्हणजे आमचीच जात निघाली.

१८११ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या आसपास कारागिरांनी रात्री-बेरात्री कारखान्यांत शिरून यंत्रं फोडायला सुरुवात केली. ती यंत्रं कसली, तर मोजे विणायची. आणि फोडणारे कोण, तर तेच मोजे विणणारे. नेड लड हा त्यांचा पुढारी बहुधा कधी अस्तित्वातच नव्हता. त्याच्याकडे हयातीचा दाखला मागितला असता तर पंचाईत झाली असती.

आता माझा मुलगा समजतो तसं हे लोक यंत्राला भ्यालेले होते काय? मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्ये विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं काढलं. दंतकथा अशी की त्याचं जिच्यावर मन बसलं होतं ती मुलगी त्याच्याकडे बघण्याऐवजी सारखी सुयांकडेच बघायची, म्हणून चिडून त्यानं सुयांचाच बंदोबस्त केला. (माझ्या नवऱ्याला ही कथा फार पटली.) म्हणजे १८११ पर्यंत ते कारागीर सव्वादोनशे वर्षं त्याच यंत्रावर पोट भरत होते. त्यांचा राग वेगळाच होता. मालकांनी रुंद यंत्रांवर मोठंच्या मोठं कापड विणायचं, ते मोज्याच्या आकारात कापायचं आणि शिवायचं, असा स्वस्तातला मार्ग काढला. पूर्वीचा मोजा आकार देत, टाके कमी-जास्त करत विणलेला असायचा, त्याची कड बंद असायची. हा कापलेला. वरून दिसायला तसाच, पण थोडं वापरलं की शिवण सुटून टाके पळायला लागायचे. त्यात कारागिरांची मजुरी पाडली, कसबी माणसाची किंमत गेली, आणि धंद्याचं नाव खराब झालं ते वेगळंच.

मोजा उलटा करून बघणारी माणसं होती ती. आत्याचे पूर्वजच म्हणायचे.

१८१२ मध्ये सरकारनं यंत्र फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली. त्या कायद्याविरुद्ध इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहात एक तरुण उमराव उठला आणि त्यानं तिथलं आपलं पहिलं भाषण ह्या विणकरांच्या बाजूनं केलं. तो कवी लॉर्ड बायरन. कायदा झालाच, ती गोष्ट निराळी. पण पुढं ऐका. त्याच बायरनची मुलगी एडा लव्हलेस. चार्ल्स बॅबेजनं कल्पिलेल्या गणनयंत्राबद्दल १८४३ साली तिनं लिहिलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. आज संगणकाच्या इतिहासात तिचं नाव पहिल्या पानावर असतं. बाप यंत्रमोड्यांचा वकील आणि लेक यंत्राची भाष्यकार! मी हे सगळं मुलाला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं: अंगठा.

त्यानंच मला मनगटी घड्याळ पाठवलंय, पावलं मोजणारं. चाळीस मिनिटं खुर्चीत बसून विणलं की ते बरीचशी पावलं माझ्या नावावर जमा करतं. दुरून मुलगा ते बघतो आणि खूश होतो. मी हा गैरसमज दूर केलेला नाही. तक्रार एकच, ऐन जाळीच्या ओळीत, चौसष्टावा टाका मोजत असताना ते थरथरतं आणि ‘उठा, थोडं हिंडा’ म्हणतं. मग टाके पुन्हा पहिल्यापासून.

सून मात्र व्यवहारी आहे. ती म्हणते, “आई, विका ना ऑनलाइन, लोक हँडमेडला वाट्टेल ते देतात.” एकदा बसून हिशेब केला. बाळाचा स्वेटर, बाह्या-गळ्यासकट, माझ्या वेगानं पंचवीस तास. तासाला पन्नास रुपये धरले, आणि एवढ्या पैशात आमच्याकडे भांडीवालीही येणार नाही, तरी साडेबाराशे झाले, लोकर वेगळी. शेजारीण म्हणाली, “बाजारात तीनशेला येतो की.” येतो. मग मी पंचवीस तासांचे पैसे धरायचं सोडून दिलं आणि तेव्हापासून माझा छंद नफ्यात आहे.

पुण्यात स्वेटर लागतो तरी कुणाला, असंही विचारतात. डिसेंबर-जानेवारीतले पाचसहा आठवडे, संपलं. पण इथं मला तंत्रज्ञानाचे जाहीर आभार मानायचे आहेत. एसीनं माझी कला तारली. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत भर मे महिन्यात पोरं कुडकुडत बसतात. बाहेर चाळीस अंश, आत स्वेटर. माझ्या बिनबाह्यांच्या जॅकेटांना बारमाही गिऱ्हाईक मिळालं ते तिथं, आणि त्यातला पहिला खालच्या मजल्यावरचा हा मुलगाच.

*

जॅकेट घ्यायला आला आणि सुया बघत बसला. दुसऱ्या दिवशी विचारतो, “काकू, मला शिकवता का?” दिवसभर पडद्याकडे बघून डोळे शिणतात म्हणे, आणि संध्याकाळी काय केलं ते हातात धरून दाखवता येत नाही. मी त्याला दहा नंबरच्या सुया दिल्या. (आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, ह्यावर त्यानं अर्धा तास वाद घातला.) मफलर घातला, दोन सुलट, दोन उलट. पोरगं हुशार. टाके अजून इतके घट्ट घालतो की सुई कण्हते, पण वीण चुकत नाही.

एका रविवारी आम्ही दोघं विणत बसलो असताना मी त्याला अपोलो यानाची गोष्ट सांगितली. चंद्रावर गेलेल्या त्या यानातल्या संगणकाची कायमची स्मृती बायकांनी हातानं ओवलेली होती. वॉल्थम नावाच्या गावातल्या कारखान्यात त्या समोरासमोर बसायच्या आणि तांब्याची तार असलेली सुई बारीक बारीक कड्यांच्या रांगांतून इकडून तिकडे द्यायच्या. तार कड्यातून गेली तर एक, कड्याच्या बाहेरून गेली तर शून्य. कुठून न्यायची ते यंत्र दाखवायचं, न्यायच्या त्या. त्यांतल्या कित्येक जणी आधी कापडाच्या नाहीतर घड्याळाच्या कारखान्यात होत्या. एकदा ओवलं की ते पुसायची सोय नाही.

“म्हणजे सुलट-उलटच की,” तो म्हणाला.

“आणि मागून बघता येणारं,” मी म्हटलं, आणि माझी जुनी तक्रार पुन्हा उगाळली. तुमच्या ह्या पडद्यांना उलट बाजूच नसते. आत काय चाललंय, कुठं टाका गळलाय, माणसानं बघावं कसं?

त्यानं सुया खाली ठेवल्या. “असते ना काकू. थांबा.” खाली जाऊन लॅपटॉप घेऊन आला. त्यानं स्वतः बनवलेलं एक पान उघडलं, फिकट निळं, वर सुबक अक्षरं, मधे हसऱ्या कुटुंबाचं चित्र. मग त्यानं कुठली तरी दोन बटणं दाबली आणि पान उलटं झालं.

मी चष्मा नीट केला. ओळीच ओळी. निम्म्या आत सरकवलेल्या, काही रंगीत, कंसात कंस. इंग्रजीतली अक्षरं ओळखीची, शब्द एकही नाही. पण पाच मिनिटं बघितल्यावर वीण दिसायला लागली. इथं काहीतरी सुरू झालंय, ते तिथं खाली बंद झालंय. हे तुकडे एकसारखे आहेत, नमुना पुन्हा पुन्हा आलाय. आणि मधेच एक ओळ मला चक्क वाचता आली, कारण ती माणसानं माणसासाठी लिहिलेली होती. ‘हे तात्पुरतं आहे, नंतर नीट करणे.’ शेजारी तारीख, २०१९ सालची.

“हे काय रे?”

“ते राहूनच गेलं,” तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

“आणि अशी किती आहेत?”

त्यानं शोधून दाखवली. एकवीस. एकवीस टोकं नुसती लोंबत सोडलेली. मी हळहळले, पण खरं सांगायचं तर मला त्या पानाबद्दल प्रथमच बरं वाटलं. परक्या घरात शिरावं आणि स्वयंपाकघरात आपल्यासारखाच पसारा दिसावा, तसं.

“रंग छान आहे हो,” मी म्हटलं. त्याला ते कौतुक वाटलं.

मग सवयीनं मी त्याचा मफलर उचलला आणि उलटा केला. हातभर विणून झाला होता. नवा गुंडा जोडला होता तिथं, ओळीच्या बरोबर मधोमध, हरभऱ्याएवढी गाठ.

“ती तात्पुरती आहे, काकू,” तो म्हणाला.